चौकशीसाठी दोन नावं

कॉफीच्या दुकानात त्यांचं नाव रोज वेगळं असायचं. कधी ट्रेव्हर, कधी ग्रॅहम, एकदा तर चक्क शार्लट. काउंटरवरच्या मुलीनं "शार्लट?" अशी हाक मारल्यावर हे साठीला टेकलेले मिशीवाले गृहस्थ शांतपणे पुढे झाले आणि "थँक्यू, अहो" म्हणून कप घेऊन आले. 'अहो' ते सगळ्यांनाच म्हणत, इंग्रजीतसुद्धा. मी एकदा विचारलं, "काका, खरं नाव सांगायला काय जातं तुमचं?" तर म्हणाले, "अहो, तिला कॉफी द्यायची आहे. माझं नाव घेऊन ती काय करणार?"

सुपरमार्केटचं कार्ड त्यांच्याकडे नव्हतं. ऑफिसात प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक यायचा, पण यांचा वाढदिवस एचआर सोडून कुणाला ठाऊक नव्हता, आणि एचआरला ठाऊक आहे याचंही त्यांना वाईट वाटायचं. कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल ते नखानं सोलून काढत. नाव-पत्ता असलेला प्रत्येक कागद बादलीत भिजत पडे आणि त्याचा लगदा कंपोस्टमध्ये जाई. रोटोटुना या उपनगरातल्या त्यांच्या परसातली कोथिंबीर विजेच्या बिलांवर पोसलेली होती. ती मी भरपूर खाल्ली आहे, आणि चांगली असायची.

आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, हॅमिल्टनमध्ये एकाच सरकारी खात्यात होतो. ते डेटाबेस सांभाळायचे, म्हणजे देशभरच्या माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा त्यांच्या हाताखाली. चौदा वर्षांत त्यांनी त्यातलं एकही नाव कामाशिवाय उघडून पाहिलं नव्हतं. स्वतःचंही नाही. मी नवीन असताना गंमत म्हणून माझी स्वतःची नोंद शोधायला निघाले होते, तेव्हा त्यांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून नुसतं खाकरलं होतं. मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली. त्यावर त्यांनी मला वेलचीवाला चहा करून दिला.

मी शिकायला म्हणून आले आणि इथलीच झाले. आपली माणसं परदेशात भेटली की पहिल्या पाच मिनिटांत तुमचं आडनाव, गाव, नवऱ्याची कंपनी, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि मूल का नाही, एवढं सगळं काढून घेतात. त्यात वाईट हेतू नसतो. मीही तेच करते, अजूनही. पण ज्या वर्षी माझा नवरा ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये वेगळा राहायला गेला, त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या ताटामागूनसुद्धा "काय गं, एकटीच?" ऐकू यायचं. मी जाणं सोडलं. घरातला पडदाही उघडेनाशी झाले, जेवणही सुटलं.

काकांनी काहीही विचारलं नाही. शनिवारी सकाळी दारात लिंबांची पिशवी ठेवायचे आणि बेल न वाजवता जायचे. तिसऱ्या शनिवारी मीच दार उघडून म्हटलं, "काका, आत या ना." ते आले, बसले, चहा प्यायले आणि बराच वेळ माझ्या फ्रीजकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

बारा वर्षांपूर्वी त्यांची बायको आजारात गेली. दिवसकार्य झालं, लोक घरी गेले, आणि हे गाडी काढून रॅगलनला समुद्रावर गेले. पाच दिवस गाडीतच राहिले. फोन बंद. शेजारचा बॅरी शोधत शोधत तिथे पोचला, पॅसेंजरच्या सीटवर बसला आणि (यांना तो प्रोफेसरच म्हणतो) म्हणाला, "प्रोफेसर, चल, डॉक्टरकडे जाऊ." पुढे वर्षभर औषधं चालली. "अहो, वर्षभर," ते मला म्हणाले, "आणि मग एके दिवशी मला भूक लागली. खरीखुरी. तुम्हालाही लागेल." एवढं सांगून उठले. दारात म्हणाले, "हे बॅरीला माहीत आहे, आणि आता तुम्हाला."

मला भूक लागली ती चार महिन्यांनी. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन पिठलं-भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला. त्या माणसानं मला जगवलं, असं मी म्हणते तेव्हा ते अलंकारिक नसतं.

बॅरीबद्दल सांगायला हवं. हा पलीकडच्या घरातला, खोदकामाचा डिगर चालवणारा निवृत्त ड्रायव्हर. हिवाळ्यातही शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांमध्ये, आणि तोंड सदैव चालू. त्याची बायपास, त्याच्या मुलीचा घटस्फोट, गल्लीतल्या कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं तो कुंपणावरून प्रक्षेपित करायचा. जगातला सर्वात बंद माणूस आणि सर्वात उघडा माणूस असे शेजारी शेजारी राहायचे आणि रोज संध्याकाळी पाचला कुंपणाशी भेटायचे. बॅरीच्या हातात बियर, यांच्या हातात चहा. बॅरी बोले, हे ऐकत. मी एकदा म्हटलं, "काका, हा एवढा बोलतो, तुम्हाला चालतं?" तर म्हणाले, "अहो, तो स्वतःचं सांगतो. माझं विचारत नाही." शरदात बॅरीच्या झाडाचे फीजोआ, पेरूसारखी आंबटगोड फळं, बादल्या भरभरून इकडे यायचे, आणि काका त्याचं लोणचं घालून अर्धं परत पाठवायचे. बॅरी ते टोस्टवर लावून खायचा.

मग आमच्या खात्याची यंत्रणा दुसऱ्या मोठ्या खात्याशी जोडली गेली आणि डेटाबेसवाल्यांना सुरक्षा मंजुरी सक्तीची झाली. जाडजूड फॉर्म आला. तुम्ही कुठे राहिलात, कुणाला ओळखता, कधी कसले उपचार घेतले आहेत का. काकांनी तो जन्मठेपेचा कागद असल्यासारखा धरला होता. उपचारांच्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. ते चूक होतं, आणि त्यांना ते माहीत असणार. पण त्यांच्या लेखी बायको जाण्याचं दुःख हा सरकारी रकाना नव्हता. चौकशीसाठी दोन ओळखीच्यांची नावं द्यायची होती. त्यांनी बॅरीचं आणि माझं दिलं.

माझ्याकडे चौकशीला आलेली गुप्तचर खात्याची बाई फार गोड होती. वाचनालयाच्या छोट्या खोलीत भेटलो. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करून "नुसत्या गप्पा मारायच्या आहेत," म्हणाली. येताना बिस्किटं घेऊन आली होती. आता, आपल्याकडे स्थळाची चौकशी करायला कुणी आलं की आपण काय करतो? सरसावून बसतो. मुलाचं एवढं कौतुक करतो की पाहुण्यांना चहा गार झालेला कळत नाही. मी तेच केलं. अर्ध्या तासाची वेळ होती, मी दीड तास बोलले. कंपोस्ट सांगितलं, कोथिंबीर सांगितली, शार्लट सांगितलं. ती हसत होती, लिहीत होती. तिनं विचारलं, "कठीण प्रसंगात हा माणूस कसा वागतो?" मला वाटलं, हा तर माझ्या हक्काचा प्रश्न. मी रॅगलन सांगितलं. पाच दिवस, डॉक्टर, वर्षभराची औषधं, आणि त्यातून उठून त्यांनी मला कसं उठवलं, सगळं. सांगताना माझे डोळे भरून आले. तिनं टिश्यू दिला. बाहेर पडले तेव्हा मी अगदी हलकी झाले होते. काकांसाठी शेवटी काहीतरी करता आलं, असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी चौकशीवाल्यांनी काकांना बोलावलं. संध्याकाळी मी गेले तर ते गॅरेजमध्ये लॉनमोअरसमोर स्टुलावर बसले होते.

"त्यांनी रॅगलन विचारलं," ते म्हणाले.

मी दाराशीच थांबले.

"दिवससुद्धा मोजून. पाच. औषधांचंही. फॉर्ममध्ये का लपवलं, म्हणाले. कुणी सांगितलं हे मी विचारलं, तर ते सांगता येत नाही म्हणे." मग त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "दोघांनाच माहीत होतं. तुम्हाला आणि त्याला. त्याच्या जिभेला हाड नाही हे मला कळायला हवं होतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. "काका, मी सांगितलं." तोंड उघडलंही होतं. पण ते इतक्या सहज मला सोडून पुढे गेले होते, माझ्यावर संशय घेण्याचा विचारही त्यांना शिवला नव्हता, की त्या विश्वासाला धक्का लावायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "चहा करू?"

मंजुरी नाकारली गेली. त्यांना नोकरीवरून काढलं नाही. तसं इथे करत नाहीत. प्रिंटर आणि खुर्च्यांच्या खरेदीचं टेबल दिलं. त्यांनी राजीनामा दिला. आणि त्या संध्याकाळपासून पाच वाजता कुंपणाशी जाणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. नुसतं जाणं बंद. बॅरी बियर घेऊन यायचा, थोडा वेळ उभा राहायचा, स्वतःशीच काहीतरी बोलायचा आणि परत जायचा. काकांकडे असले की त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचं. काका तेव्हा पाठ करून कांदा चिरत असायचे.

त्याच सुमारास संसदेत एक विधेयक आलं. इथे खासगी सदस्यांच्या विधेयकांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या एका जुन्या डब्यातून काढतात, खरंच, आणि त्यातून एक निघालं सरकारी नोकरांच्या खासगीपणाच्या हक्कांचं. त्यात एक कलम असं होतं की चौकशीत तुमच्याबद्दल कुणी काय सांगितलं ते तुम्हाला पाहता येईल आणि निर्णय होण्याआधी उत्तर देता येईल. झालेल्या चौकश्यांनाही ते लागू होणार होतं. काकांनी ती बातमी मला तीनदा वाचून दाखवली. इतकं खूश मी त्यांना नोकरी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. "अहो, बिस्किटाच्या डब्यातून न्याय!" म्हणाले.

गुप्तचर यंत्रणा हात बांधून बसल्या नाहीत. त्यांनी संसदेच्या समितीला लांबलचक निवेदन दिलं, त्यातल्या निम्म्या ओळी काळ्या केलेल्या. खासदारांना भेटले, खात्याखात्यांच्या प्रमुखांना पत्रं गेली, आणि आमच्या वरिष्ठांनी सगळ्यांना ईमेल केला की या विषयावर कर्मचाऱ्यांनी 'विचारपूर्वक' मत द्यावं. यंत्रणांचा मुख्य मुद्दा एकच होता: ज्यांच्याकडे आम्ही चौकशी करतो ती माणसं, आपलं बोलणं ज्याच्याबद्दल आहे त्यालाच कळणार म्हटल्यावर, मोकळेपणानं बोलणार नाहीत. काकांनी ते निवेदन छापून आणलं आणि लाल पेन घेऊन बसले. तासाभरानं पेन खाली ठेवलं. "काय सुंदर लिहिलंय हो. एकही वाक्य खोटं नाही."

मोकळेपणानं बोलण्याचं ते वाक्य माझ्याबद्दल होतं. देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली ती सगळी यंत्रणा, ते वकील, ती पत्रं, जणू माझ्या एकटीच्या अब्रूसाठी धावत होती.

आणि ज्या माणसानं आयुष्यभर आपलं नाव बादलीत भिजवलं, त्यानं पूर्ण नावानिशी समितीला निवेदन दिलं. ते संसदेच्या वेबसाइटवर चढलं, कुणालाही वाचता येईल असं. पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळाली, व्हिडिओवरून. मी लॅपटॉपच्या मागे बसले होते, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, हातात वेळेच्या पाट्या धरून. काकांच्या अंगात वर पांढरा शर्ट, टाय. खाली शॉर्ट्स आणि बॅरीनं ख्रिसमसला दिलेल्या जँडल्स.

ते छान बोलले. रॅगलनही त्यांनी स्वतःच सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "समजा कळलं कुणी सांगितलं, तर तुम्ही काय कराल?"

मी 'एक मिनिट'ची पाटी धरली होती.

"मॅडम, अहो," ते इंग्रजीत म्हणाले, "मी दोनच नावं दिली होती. त्यातल्या एकाशी मी बोलणं टाकलंय. त्यानं सांगितलं असेल, तर मी त्याला माफ करीन, तेवढा तो मला प्रिय आहे. पण त्यानं सांगितलं नसेल, तर मी रोज एका निरपराध माणसाला शिक्षा देतोय. मला एवढंच कळायला हवंय."

कुणीतरी थँक्यू म्हणालं आणि पडद्यावर पुढचा माणूस आला. काकांनी टाय सोडला. "बरं झालं का?" मला विचारलं. मी म्हटलं, "खूप छान झालं." मनातल्या मनात मी गुप्तचरांच्या बाजूनं होते. ते जिंकावेत म्हणून मी देवाला दिवा लावला आहे. लिहायला लाज वाटते, पण लावला आहे.

यंत्रणांचं म्हणणं समितीनं बंद दाराआड ऐकलं. अहवाल आला तेव्हा विधेयकातलं बाकी सगळं शाबूत होतं. लॅपटॉपवर नजर ठेवायची तर आधी सांगायला हवं, आजारपणाच्या रजेचं कारण वरिष्ठानं खोदून विचारायचं नाही. फक्त ते कलम गेलं होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

काकांनी घर विकलं. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात बांधकामाच्या सामानाच्या दुकानात एका ओळखीच्यानं काउंटरवर जागा दिली, ती घेऊन तिकडे गेले. किल्ली एजंटला द्यायचं काम माझ्यावर होतं. घर रिकामं पाहून मी बाहेर आले तर बॅरी कुंपणाशी उभा. पाच वाजले होते. त्यानं फीजोआंची पिशवी वरून माझ्याकडे दिली.

"त्याला नेऊन देशील? पोस्टानं पाठवले तर सडतील." मग म्हणाला, "एक विचारू? मी काय केलं गं? त्या बाईनं मला रॅगलनचं विचारलं होतं, तब्येतीबद्दल काही माहीत आहे का म्हणून. मी म्हटलं, मला फक्त त्याचं लॉन माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, मेट. आणि तो माझ्याशी बोलेना."

मी त्याच आठवड्यात विमानाचं तिकीट काढलं.

हॉर्नबीत दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, आम्ही त्यांच्या गाडीत बसलो. त्यांनी माझ्यासाठी व्हेजी पाय, म्हणजे भाज्या भरलेली पेस्ट्री आणली होती. फीजोआंचा वास गाडीभर झाला होता. ते हरखून गेले होते, दुकानातल्या गमती सांगत होते, आणि मला माहीत होतं की हे असं बोलणं ऐकण्याची माझी ही शेवटची वेळ असू शकते. मी त्यांना थांबवलं आणि ते एक वाक्य बोललेच.

त्यांनी पेस्ट्रीचा कागद नीट घडी करून ठेवला.

"कौतुकानं सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्हाला माहीत होतं."

"हो काका."

त्यांनी मान हलवली. पहिलं त्यांनी समजून घेतलं होतं, ते मला दिसलं. दुसरं, माझं गॅरेजमधलं गप्प राहणं, त्यांना पचत नव्हतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि नंबर लावला. "बॅरी?" म्हणाले. दार उघडून ते बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये ट्रॉल्यांच्या रांगेशी येरझाऱ्या घालत बोलत राहिले. रडत होते, हसतही होते. सुट्टी संपली तेव्हा तसेच फोन कानाला लावून दुकानात शिरले. मी थोडा वेळ बसले आणि मग गाडीचं दार हळूच लावून विमानतळावर गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचा फोन नाही. मी दिवाळीला मेसेज पाठवला, त्याला त्यांनी नमस्काराचे हात पाठवले. मला त्यांची रोज आठवण येते. कोथिंबीर विकत घेताना येते, कुणी मला खोदून काही विचारलं की येते, आणि मी कुणाला काही खोदून विचारायला लागले की सर्वात जास्त येते. काही न विचारता माझ्या शेजारी बसणारं माणूस मला पुन्हा मिळालेलं नाही.

गेल्या आठवड्यात बॅरीचा फोन आला. काका ईस्टरला त्याच्याकडे येणार होते, चार दिवस, खालच्या खोलीत राहणार होते. शनिवारी बार्बेक्यू. "तू यायचंस हं, व्हेज सॉसेज आणून ठेवतो, ढीगभर, हीप्स!" मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "एक सांगू? मी त्याला विचारलं, अरे मग ते सांगितलं तरी कुणी? तर म्हणाला, ते आपल्याला कधीच कळणार नाही, बॅरी. कायद्यानंच मनाई आहे. ते कलम आपण हरलो ना."

मी फोन धरून उभी राहिले. बॅरी पलीकडे गुप्तचरांना शिव्या घालत होता, किती वाजता ये, काय आण, सांगत होता. मी सगळ्याला हो म्हटलं.

शनिवारी मी गेले नाही. बोलावलं होतं ते बॅरीनं.